आठ वाजताची धून

सकाळचे आठ वाजले आणि भिंतीपलीकडची बासरी वाजली नाही. कौसल्या चहाच्या पातेल्यासमोर हातात पकड धरून उभी होती. आठ महिने झाले, तिचा चहा त्या बासरीवर उतरत होता; घड्याळाकडं बघायची सवयच मोडली होती. धून सुरू झाली की गॅस बारीक करायचा, पलीकडं माठाचं झाकण वाजलं की पातेलं खाली घ्यायचं, पेला फरशीवर टेकला की गाळणी. आज काहीच वाजलं नाही. ती वाट बघत राहिली, आणि आपण वाट बघतोय हे तिला कळायच्या आत चहा फसफसून वर आला, बर्नरवर सांडला, जळक्या साखरेचा वास घरभर झाला. "काय करून राह्यली गं तिकडं?" समोरच्या खोलीतून नवऱ्याचा, सर्जेरावचा, आवाज आला. "काही न्हाई," ती म्हणाली. आणि खरंच काही नव्हतं. दुसऱ्याच्या घरातला एक गजर वाजला नव्हता, एवढंच.

दुसऱ्याचं तरी कसं म्हणायचं. मस्तगडाच्या चढावरचं घर एकच, मधे एक विटेची भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलेलं. इकडं थोरला सर्जेराव, ठिबकच्या नळ्यांचा दुकानदार, आणि कौसल्या; त्यांची दोन्ही पोरं शिकायला बाहेरगावी. तिकडं धाकटा अंगद, बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर असलेला, त्याची बायको अर्पिता आणि चौदा महिन्यांची साक्षी. एक विटेच्या भिंतीतून शिंकसुद्धा आरपार जाते. बासरी कशाची वाजते ते कौसल्येला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. साक्षी सिझरनं झाली, डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षं दुसरं नको म्हणून बजावलं, आणि पोरगी सहा महिन्यांची झाल्यावर अर्पितानं रोजची गोळी सुरू केली. गजर मात्र अंगदच्या फोनवर. गोळी हिची, आठवण त्याची. फिरतीवर असला तर तो बराबर आठला फोन करायचा, ही उचलायची नाही, नुसती तीच धून वाजू द्यायची, आणि मग फोनकडं बघून हसत म्हणायची, "घेतली हो, घेतली." कौसल्येला बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला, कुणीतरी काडी ओढल्यासारखं व्हायचं ते नेमकं त्या हसण्याला. गोळीचं काय, गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण एक पुरुष रोज सकाळी आठ वाजता, कुठल्या तरी शेताच्या बांधावर उभा राहून, आपल्या बायकोच्या पोटाचा विचार करतो, ही गोष्ट कौसल्येनं कीर्तनातसुद्धा कधी ऐकली नव्हती. आणि कीर्तनं तर तिनं इतकी ऐकली होती की महाराज दृष्टांताला हात घालायच्या आधीच तिच्या ओठांवर पुढचा शब्द यायचा.

तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती बावीसची होती, पोरगा भारत तीन वर्षांचा, पोरगी मीना चार महिन्यांची, आणि तेव्हा सगळे टेंभुर्णीला राहात होते. एका सकाळी सासूबाई, गिरिजाबाई, ताक घुसळता घुसळता म्हणाल्या, "उद्या ऑपरेशनच्या शिबिराला जायचंय. नाव देलंय तुझं." एवढंच. जीपमधून सात जणी गेल्या. शाळेच्या वर्गातले बाक बाहेर काढून आत सतरंज्या टाकल्या होत्या, फळ्यावर आदल्या दिवसाचा सुविचार तसाच होता. मनगटावर चिकटपट्टी, तिच्यावर नऊ नंबर. एका कागदावर सही कर म्हणाले, तिनं केली. कागद वाचायला मागावा असं तिला सुचलं नाही, आणि मागितला असता तर सगळ्याजणी हसल्या असत्या. संध्याकाळी वाकून, पोट धरून ती जीपकडं चालत आली तेव्हा सर्जेराव ड्रायव्हरसोबत केळी खात होता. त्यानं तिच्यासाठी दोन ठेवली होती, हेही तिला आठवत होतं. माणूस वाईट नव्हता. तिला तिसरं मूल नकोच होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं. पण ते हो तिच्या गालात तसंच राहिलं, अठरा वर्षं, विरघळलं नाही आणि गिळताही आलं नाही.

"ताई." अर्पिता मागच्या दारात उभी होती. केस न विंचरलेले, कडेवर साक्षी. "चहा सांडला का? वास आला मला."

"सांडला. तुझा गजर वाजला न्हाई आज."

अर्पितानं साक्षीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आपला गजर भिंतीच्या अलीकडं कुणी ऐकत असेल असं तिच्या कधी मनातच आलं नसावं. "काढून टाकला ह्यांनी," ती म्हणाली. "काल रात्री पट्टीवर तपासलं. दोन रेषा आल्या, ताई. दवाखान्यात जायचंय आज. ह्यांना शहागडला कंपनीचा मेळावा आहे, रजा टाकतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. मला बाईमाणूस पाहिजे सोबत. तुम्ही चलता?"

कौसल्येच्या हातातली पकड तशीच राहिली. दोन रेषा. आधी जे वाटलं त्याची तिला पुढं पंधरा दिवस लाज वाटत होती. ते दुःख नव्हतं, काळजीही नव्हती. ते हायसं होतं. एवढी बासरी, एवढा माठ, एवढा पेला, आणि शेवटी झालं काय? जे कुणालाही होतं तेच. मग त्या हायसं वाटण्याच्या पाठोपाठ, जसा टाळाच्या पाठोपाठ मृदंग पडतो, तशी दुसरी गोष्ट येऊन पडली. हे माझ्यामुळं झालंय.

"चलते की," ती म्हणाली. "पोरीला भजनातल्या पुष्पाबाईंकडं ठेवू. जल्दी आवर."

निघताना अंगद बूट घालत होता. त्याचे डोळे लाल होते. "वहिनी, रिक्षावाल्याला खड्ड्यातून हळू घ्यायला सांगा. हिला सकाळपासून मळमळून राह्यलंय. मी दर तासाला फोन करतो." आणि त्यानं सगळ्यांच्या देखत अर्पिताच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. ताप नव्हताच. ताप असायचं काही कारणही नव्हतं. कौसल्येनं चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली बघितलं.

रिक्षा गांधी चमनकडं वळली तशी तिच्या मनात ती टाळाची पिशवी उघडली. हिरव्या मखमलीची, नाडीची पिशवी; तिच्यात तिचे पितळी टाळ, आणि टाळांच्या खाली, कागदात गुंडाळलेली गोळ्यांची पाकिटं. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. भावाच्या लग्नात पहिल्यांदा घेतल्या तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, पुढं नुसतं रिकामं पाकीट दाखवून आणायची ती. हनुमान जयंतीचा सप्ताह जवळ आला की भजनी मंडळातल्या बाया एकेक करून तिच्याकडं यायच्या, पदराआड तारीख सांगायच्या, आणि ती बोटांवर मोजून हिशेब सांगायची: अमक्या दिवसापासून, दिवसाला तीन. सात दिवसांत एकीचीही जागा रिकामी राहू नये, काल्याच्या कीर्तनाला सगळ्या देवळाच्या पायरीवर असाव्यात, ही तिची सेवा होती. ती सेवा तिनं मनापासून केली होती, देव साक्षी आहे. महिला मंडळाची पुढची ओळ दहा वर्षं कौसल्येची. चाल ती धरायची, बाकीच्या मागून घ्यायच्या. या वर्षी पुष्पाबाई म्हणाल्या, "कौसा, यंदा चाल अर्पिताला धरू दे. पोरीचा गळा लई गोड हाय." कौसल्या म्हणाली, "धरू दे की. आपलीच हाय." आणि अर्पिताची तारीख सप्ताहात येत होती म्हणून कौसल्येनंच पिशवीतून पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. त्यात कुठं काळं होतं? चाल हिसकावून घ्यायची असती तर गोळी दिलीच नसती. हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगून बसली होती की त्याला आता पाठांतराची लय आली होती. पण पाकीट देताना ती आणखी एक बोलली होती. अर्पितानं विचारलं, "ताई, मंग माझी रोजची?" आणि कौसल्या म्हणाली, "ती ठेव बाजूला. दोन दोन गोळ्या गरम पडतात. आणि सप्ताह झाल्यावरही एक महिना मोकळा जाऊ दे अंगाला. ह्या गोळीचा असर महिनाभर राहतो, काही होत न्हाई."

काही होत नाही. हे तिला कोणी सांगितलं होतं? कुणीच नाही. उलट दोन वर्षांमागं औषधाच्या दुकानातल्या राधेश्यामनं पाकीट पुढं करता करता म्हटलं होतं, "भाभी, एक बात ध्यानात ठेवा हां. ह्यानं नुसती पाळी पुढं जाते. दिवस राहायचं थांबत न्हाई. बायांना बराबर सांगत जा." तिनं ऐकलं होतं. दुकानातला अगरबत्तीचा वास, काउंटरवर ठेवलेला चुरगळलेला कागद, सगळं आठवत होतं, म्हणजे ऐकलं होतंच. मग त्या दिवशी, अर्पिताच्या तळहातावर पाकीट ठेवताना, ते वाक्य कुठं गेलं होतं? तिनं पुन्हा पुन्हा त्या क्षणाकडं जाऊन बघितलं. अर्पिताचा तळहात, मेंदीचा उतरलेला रंग, भिंतीपलीकडं झोपलेली साक्षी. त्या क्षणी राधेश्याम आठवला होता की नव्हता? अंधारात हात घातल्यावर काहीतरी मऊ लागावं आणि ते कापड आहे की जिवंत आहे ते कळू नये, तसं होत होतं. तिला मूल राहावं असं तिच्या मनात नव्हतं. एवढं ती कुठल्याही देवळात शपथेवर सांगू शकत होती. तिला फक्त ती बासरी थांबायला हवी होती. थोडे दिवस. आणि बासरी तर थांबलीच नाही. अंगदनं गजर तसाच ठेवला होता, तो वाजायचा आणि अर्पिता म्हणायची, "या महिन्यात सुट्टी!" आणि दोघं हसायची.

त्या सप्ताहात चौथ्या दिवशी महाराज म्हणाले होते, बाकीचे विकार देवळाच्या पायरीपाशी थांबतात, मत्सर तेवढा आत येतो, कारण तो टाळ वाजवत येतो, आपण त्याला भक्त समजून जागा देतो. सगळा मंडप हसला होता. कौसल्याही हसली होती, आणि टाळ वाजवला होता.

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. अर्पिताच्या शेजारी बसून कौसल्या पंख्याकडं बघत होती, आणि एक शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. पाप. हळूच, मायेनं म्हणता आला असता: बघ बाई, देवानं दिलंय, पाप तर न्हाई ना लागायचं? वडीलधारी बाई असं म्हणतेच. कुणी नाव ठेवलं नसतं. तो शब्द किती हलका होता आणि किती खोल गेला असता, याचा तिला अंदाज होता, आणि म्हणूनच तो इतका गोड लागत होता. अर्पितानं तेवढ्यात तिचा हात धरला. हात गार पडला होता. "ताई, मला भ्या वाटून राह्यलं," ती म्हणाली. "सिझरचे टाके अजून ओढतात. एवढ्यात दुसरं... मी साक्षीला उचलू का न्हाई मंग?" कौसल्येनं तो शब्द गिळला. त्यात तिचा काही मोठेपणा नव्हता. हात गार होता, एवढंच.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. सोनोग्राफी झाली, सात आठवडे, गर्भ पिशवीतच होता, रक्तही बरं होतं. "गोळ्यांनी होईल," त्या म्हणाल्या. "पण तू तर रोजची गोळी घेत होतीस ना? मग कसं काय?"

कौसल्येनं पदर सारखा केला. आता ही सांगणार. माझ्याकडं बोट करणार. तिनं आपली मान किती वाकवायची तेसुद्धा ठरवून टाकलं.

"सुटल्या मधे," अर्पिता म्हणाली. "सप्ताह होता आमच्याकडं. पाळी पुढं ढकलायच्या घेतल्या, त्यात ह्या राहिल्या. माझीच चूक."

"अगं वेडे," डॉक्टरीणबाई हसल्या, "त्यासाठी दुसरी गोळी कशाला? तुझ्याच पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या खंड न पाडता पुढं चालू ठेवल्या असत्या, काळ्या, लोहाच्या, तेवढ्या वगळून, तरी पाळी पुढं गेली असती. तुझ्याकडं होतंच की सगळं. आणि ती ढकलायची गोळी काही दिवस राहू नये म्हणून नसते. कुणी सांगितलं न्हाई का?"

"न्हाई," अर्पिता म्हणाली, आणि कौसल्येकडं बघितलंसुद्धा नाही. जाणूनबुजून बघितलं नाही, की खरंच तिच्या मनात नव्हतं? कौसल्येला वाटलं, हिनं बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आता हिच्याकडं हेही आहे. बासरी आहे, गळा आहे, कपाळावर हात ठेवणारा आहे, आणि आता दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायचा मोठेपणाही आहे. सगळं हिलाच.

"पहिली गोळी आत्ता माझ्यासमोर. परवा घरी चार. दोन या गालात, दोन त्या गालात, अर्धा तास तोंड मिटून बसायचं, मग पाण्यानं गिळायच्या. पोटात कळा येतील, पाळीपेक्षा जास्त जाईल. तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि तसंच दोन तास चाललं, तर थेट इकडं यायचं, विचारत बसायचं न्हाई. पंधरा दिवसांनी तपासणी. घरात सोबत कोण?"

"ह्या. माझ्या जाऊबाई."

मग कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो अर्पितासमोर सरकवला, एकेक ओळ वाचून दाखवली, आणि पेन दिलं. कौसल्येच्या तोंडून निघून गेलं, "नवऱ्याची सही?"

"लागत न्हाई. ती सज्ञान आहे, तिचीच लागते."

अर्पिता वाकून सही करत होती. अ, मग रेघ, मग नावाचं उरलेलं. कौसल्येच्या मनगटावर नऊ नंबरची चिकटपट्टी पुन्हा ओढल्यासारखी झाली. कुणीतरी ओळ न् ओळ वाचून दाखवतंय, कुणीतरी थांबतंय, कुणीतरी म्हणतंय की तुझीच लागते. त्या खोलीत त्या क्षणी कौसल्येला आपल्या जावेचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाच्या सोन्याचा, कुणाच्या मुलांचा वाटला नव्हता. आणि कशाचा, तर गर्भ पाडायच्या कागदावरच्या सहीचा. तिला हसूच आलं असतं, पण डोळे भरले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, जावेच्या काळजीनं. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जेराव दुकानातून जेवायला आला. तिनं भाकरी वाढली, पिठल्यावर लिंबाची फोड ठेवली, आणि उभ्या उभ्याच विचारलं, "त्या दिवशी मला विचारलं का न्हाई?"

"कोणत्या दिवशी?"

"ऑपरेशनच्या."

त्यानं लिंबू पिळलं. "ते व्हय. आईनं नाव देलं होतं ना." मग दोन घास खाऊन त्यानं मान वर केली, खरोखरच काळजीनं. "का, दुखून राह्यलं का काही?"

"आता? अठरा वर्षांनी?"

"न्हाई, तू विचारलं म्हणून म्हटलं," तो म्हणाला, आणि ठेचा मागितला. तिनं वाढला. त्याच्यावर तिला राग येत नव्हता, हीच अडचण होती. त्याच्यावर आला असता तर तो अर्पितावर गेला नसता. इतकी वर्षं तो राग भिंतीखाली पाणी झिरपावं तसा झिरपत होता, आणि ओल मात्र पलीकडच्या खोलीत दिसत होती.

तिसऱ्या दिवशी अंगद घरी होता, पण कौसल्येनं त्याला साक्षीला घेऊन बाहेर पाठवलं. "पोरगी आईला सोडणार न्हाई. तू मोती तलावाकडं फिरवून आण तिला. मी हाय इथं." अर्पिता गादीवर भिंतीला टेकून बसली. त्याच भिंतीला. दोन गोळ्या या गालात, दोन त्या गालात. तिचे गाल थोडे फुगले, आणि ती लहान मुलीसारखी दिसायला लागली, चोरून काही खाल्लेल्या. तिनं फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावला. ओठ मिटलेले, डोळे कौसल्येवर.

कीर्तनात असा एक क्षण येतो. महाराज मागं सरतात, टाळ थांबतात, फक्त वीणा झणकत असते, आणि आता जे बोललं जाईल ते खरंच असणार असं सगळ्या मंडपाला वाटतं. कौसल्येनं आयुष्यभर तो क्षण समोर बसून ऐकला होता. समोरच्याचं तोंड मिटलेलं आहे आणि आपल्याला बोलायचं आहे, हे तिच्या वाट्याला पहिल्यांदा आलं.

"अर्पिता," ती म्हणाली, "मला माहीत होतं. राधेश्यामनं सांगितलं होतं मला. ह्या गोळीनं दिवस राहायचं थांबत न्हाई म्हणून. दोन वर्षांमागं. तुला देताना ते आठवलं नव्हतं की मी आठवू दिलं न्हाई, हे मला सांगता येत न्हाई. मी लई शोधलं. सापडत न्हाई. गरम पडतं, महिनाभर काही होत न्हाई, हे मी माझ्या मनानं बोलले. मला तुझा गजर सोसत नव्हता. तुला मूल राहावं असं न्हाई गं, देवाशपथ न्हाई. नुसता तो गजर. मी इकडं चहा ठेवायची त्याच्यावर, आणि रोज जळायची. मला कुणी कधी... मला नऊ नंबर लावला होता हाताला. मी कुणाला सांगितलं न्हाई. चाल तू धरली तेव्हाबी जळले. दवाखान्यात तू माझं नाव घेतलं न्हाई तेव्हा तर जास्तीच जळले." मग ती थांबली. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी सुटेल, गाठ निघाल्यासारखं. तसं काही झालं नाही. पंखा फिरत होता. बाहेर पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजत होता आणि बायका एकमेकींना हाका मारत होत्या. अर्पिता तिच्याकडं बघत होती, गाल फुगलेले, आणि तिच्या डोळ्यांत काय आहे ते कौसल्येला वाचता येईना. अजून अकरा मिनिटं होती. ती दोघींनी तशीच काढली. कौसल्या उठली नाही, हे तिनं पुढं स्वतःच्या बाजूनं एवढं एकच मांडलं.

फोन वाजला. अर्पितानं पेला उचलला, गालातला चुरा पाण्यासोबत गिळला, तोंड पुसलं.

"मला राग आलाय, ताई," ती म्हणाली. "लई आलाय. पण कळ येऊन राह्यलीय. आधी गरम पाण्याची पिशवी द्या. राग मागून."

मग चार तास दुसरं काही नव्हतं. पिशवी, पाणी, न्हाणीघरापर्यंत धरून नेणं, पॅड मोजणं, घड्याळ बघणं. दोन तासांत तीन, म्हणजे ठीक. कळ आली की अर्पिता तिचं मनगट धरायची, जिथं चिकटपट्टी होती तिथंच, आणि इतकं आवळायची की बांगड्या रुतायच्या. कौसल्येनं हात काढून घेतला नाही. तो राग तिथूनच, मनगटातूनच, थोडा थोडा येत असावा असं तिला वाटलं. संध्याकाळी सगळं ओसरलं, अर्पिता झोपली. अंगद आला, दारातूनच कुजबुजला, "कशी हाय?" आणि मग, "वहिनी, तुम्ही काही खाल्लं का?" तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही. ती भिंतीच्या अलीकडं येऊन बसली आणि तिला पुन्हा जळलं, त्याच जागी, कारण त्याला विचारायचं सुचलं होतं.

राग आला तो चौथ्या दिवशी, सांगितल्याप्रमाणं. अर्पिता बोलायची बंद झाली. मागचं दार पलीकडून लागलं. साक्षी दाराच्या फटीतून बोटं घालायची आणि आत ओढून घेतली जायची. बारा दिवस. या बारा दिवसांत पुष्पाबाई आल्या, अधिकाच्या पारायणासाठी गोळ्या मागायला. "कौसा, दोघींना पाहिजेत. तारखा बघ बरं." कौसल्येनं टाळाची पिशवी उघडली, टाळ बाहेर काढले, पाकिटं बाजूला ठेवली. "पुष्पाबाई, आधी डॉक्टरला विचारा म्हणावं त्यांना. आणि हे ऐकून जा. ह्यानं नुसती पाळी पुढं जाते. दिवस राहायचं थांबत न्हाई. ज्यांची रोजची चालू असंल त्यांनी ती बंद करायची न्हाई. त्यांना तर ही लागतबी न्हाई." पुष्पाबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. "आत्तापर्यंत न्हाई सांगितलं कधी असं." "न्हाई सांगितलं," कौसल्या म्हणाली. भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज चालू होता तो मधेच थांबला, हे तिला ऐकू आलं. तिनं ते भिंतीसाठी म्हटलं नव्हतं. की म्हटलं होतं? आता ती प्रत्येक वाक्याच्या मागं जाऊन बघायला लागली होती, सवयच लागली.

सोळाव्या दिवशी मागचं दार उघडलं. "तपासणीला जायचंय," अर्पिता म्हणाली, चौकटीकडं बघत. "चलता?" रिक्षात अर्पिता रस्त्याकडं तोंड करून बसली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पिशवी साफ होती. मग तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, गोळ्या, असं सगळं पुढं मांडून विचारलं, "तुला काय पाहिजे?" अर्पितानं एकेक वस्तू उचलून बघितली. कौसल्या खिडकीबाहेर बघत होती, आणि तिच्या मनात एक जुना, ओशाळवाणा आवाज म्हणत होता: इंजेक्शन म्हण. तीन महिन्यांतून एकदा, गजर नको, बासरी नको. इंजेक्शन म्हण.

"गोळीच," अर्पिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्येनं चहा ठेवला. आठला धून सुरू झाली, तीच, पहिल्या सुरापासून. जळलं. बरगडीखाली, डाव्या बाजूला, कुणीतरी काडी ओढल्यासारखं. रोजच्याइतकंच, रतीभर कमी नाही. तिनं गॅस बारीक केला आणि माठाच्या झाकणाची वाट बघितली. झाकण वाजेना. धून संपली. साक्षी कुठंतरी रडत होती, अर्पिता तिला काहीतरी समजावत होती. चहा कडेनं वर चढायला लागला. कौसल्येनं एका हातानं पातेलं उतरवलं आणि दुसऱ्या हातातल्या पकडीनं भिंतीवर ठोकलं. दोनदा, जोरात.

पलीकडं सगळं थांबलं.

"ऐकू आलंय," अर्पिताचा आवाज आला. त्यात राग अजून होता. शिळा, पण होता. मग माठाचं झाकण वाजलं. मग पेला.

कौसल्येनं गाळणी उचलली.